रुंद बाजू आधी

बाळानं डोकं वर ठेवलंय, असं सोनोग्राफीत दिसल्याचं घरी कळलं, तेव्हा मालकांनी पहिला प्रश्न विचारला तो हा : "वर म्हणजे कुठली बाजू?"

प्रश्न वाटतो तितका अडाणी नव्हता. ज्या माणसाचं आयुष्य खोक्यांवर 'ही बाजू वर' असे कागद चिकटवण्यात आणि मग नेमकी तीच बाजू खाली ठेवलेली बघण्यात गेलं, त्याला वर-खाली या शब्दांचा थोडा संशय राहणारच. घराणं सामान हलवणाऱ्यांचं. मालकांच्या वडिलांनी हातगाडीवर सुरुवात केली, मालकांनी ट्रक घेतले आणि मालकांच्या मुलानं त्यातला सर्वांत मोठा ट्रक स्वतः चालवायला घेतला, कारण त्याला बोलणं कमी आणि आरसे जास्त आवडत. लोकांचे संसार एका घरातून उचलून दुसऱ्या घरात ठेवणं हा धंदा, आणि स्वतःच्या घरातली एक खुर्चीसुद्धा न हलवणं हा नियम.

या घरात सून आली तीच मुळी टेप घेऊन. सामान हलवण्याच्या आदल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या घरी जायचं, कपाटं मोजायची, दारं मोजायची, जिन्याची वळणं बघायची आणि एका शब्दात निकाल द्यायचा, हे तिचं काम. शब्द दोनच होते. 'दार' म्हणजे कपाट दारातून काढून जिन्यानं खाली. 'खिडकी' म्हणजे चौकट उतरवायची, दोर लावायचे आणि कपाट बाहेरून सोडायचं. कामावरची माणसं तिला टेपताई म्हणत आणि तिचा शब्द खाली पडू देत नसत. दुसऱ्यांच्या कपाटांबद्दल तिचं मत शेवटचं होतं. स्वतःच्या पोटाबद्दल तिचं मत कुणी विचारण्याआधी मात्र घरात बैठक बसली.

त्याआधी काय झालं होतं ते सांगायला हवं. डॉक्टरीणबाईंनी बाळाला बाहेरून, पोटावर हात ठेवून, हळूहळू फिरवून पाहिलं होतं. बाळ फिरलं. टेपताईनं डोळे मिटून सुटकेचा श्वास घेतला. नवऱ्यानं तिचा हात इतका वेळ धरून ठेवला होता की तो नंतर दोघांनाही सोडवेना. पुढच्या तपासणीला गेले, तर साहेब पुन्हा आपल्या जुन्या जागी, बूड खाली आणि डोकं वर.

"घराण्याचं आहे," मालक म्हणाले. त्यांच्या आवाजात काळजी होती, पण अभिमान काळजीच्या अर्धा पाऊल पुढे होता.

आता डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रस्ते तिच्यापुढे ठेवले होते. नॉर्मल प्रसूतीची वाट बघता येईल. बाळाचं बूड खाली आहे, पाय वर दुमडलेले, वजन बेताचं, मान नीट वाकलेली. अशा बाळांची नॉर्मल प्रसूती होते. धोका थोडा जास्त, आणि नॉर्मल ठरवलेल्यांपैकी बऱ्याच जणींना ऐनवेळी ऑपरेशनच करावं लागतं. किंवा आधीच तारीख ठरवून ऑपरेशन करता येईल. त्यात बाळाला धोका कमी. पण टाके आईला, सावरायला वेळ आईला, पुढच्या बाळंतपणाची जास्तीची काळजीही आईलाच. "दोन्हीपैकी काहीही चूक नाही," बाई म्हणाल्या होत्या. "विचार करा आणि उद्या सांगा."

टेपताईला हे अजिबात आवडलं नव्हतं. ती गिऱ्हाइकाला कधी असं सांगून आली नव्हती की दारही चालेल, खिडकीही चालेल, तुम्ही विचार करा.

*

बैठक वरच्या खोलीत भरली. खाली गोदाम, वर घर आणि घराच्या मधोमध एक अवाढव्य टेबल. हे टेबल एका कंपनीनं कधी काळी ठेवायला दिलं आणि मग ती कंपनीच बुडाली. ते वर कसं आणलं हे आता कुणालाच आठवत नव्हतं, आणि ते खाली कसं न्यायचं हे विचारण्याची हिंमत सामान हलवणाऱ्यांच्या त्या घरात कुणाला नव्हती. त्यामुळे ते घरातच राहिलं, आणि त्याच्याभोवती बसून घरातले लोक भांडायला लागले.

टेबलाच्या एका टोकाला मालक. त्यांच्या उजव्या हाताला त्यांचा धाकटा भाऊ, पायाळूकाका. हे नाव त्यांना जन्मासोबतच मिळालं होतं, कारण जगात ते पायांकडून आले. पुढे आयुष्यात त्यांनी फारसं काही केलं नाही, पण ही एक गोष्ट त्यांनी पहिल्याच दिवशी करून ठेवली होती आणि तिच्यावर ते अजून खात होते.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला दोन आया. घरात दोन आया जमल्या की मराठी सुनेला फरक करायला दोनच अक्षरं उरतात. माहेरची ती 'अगं आई' आणि सासरची ती 'अहो आई'. टेपताईच्या मनात त्या दोघींची नावंच तशी पडली होती, अगंआई आणि अहोआई. अगंआई कोर्टात नोकरीला होती. लोकांना तारखा देण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, आणि ज्या गोष्टीची तारीख ठरत नाही ती गोष्ट तिला गुन्ह्यासारखी वाटे. अहोआई घर सांभाळत, हिशेब सांभाळत आणि मालकांचा राग सांभाळत. यातलं तिसरं काम सर्वांत मोठं होतं.

नवरा दाराजवळच्या स्टुलावर बसला होता. पळायची वेळ आलीच तर सोपं जावं, असा त्याचा बसण्याचा प्रकार होता.

"तर," मालक म्हणाले, "दार की खिडकी, एवढाच प्रश्न आहे."

"हो का," अगंआई म्हणाली. "माझ्या मुलीच्या पोटाला दारं-खिडक्या कधीपासून लागल्या?"

"बोलायची पद्धत आहे, विहीणबाई."

"मग माझ्या पद्धतीनं सांगते. तारीख घ्या आणि मोकळे व्हा. तारीख ठरली की रजा टाकता येते, बॅग भरता येते, जीव भांड्यात पडतो. नॉर्मलचं म्हणजे कसं, वाट बघा, वाट बघा, आणि मग अचानक धावा. तेही उलटं बाळ घेऊन."

"उलटं काय त्यात," पायाळूकाका म्हणाले. "मी नाही आलो? पायांकडून आलो, घरी आलो, आणि कुणाला त्रास न देता आलो."

"त्रास नंतर दिलास," मालक म्हणाले.

"दादा, मुद्दा सोडू नकोस. या घरात दारातून उलटं येण्याचा अनुभव असलेला माणूस मी एकटा आहे."

हे खरंच होतं. टेबलाभोवती बाकीचे सगळे जन्माच्या बाबतीत अगदी सामान्य निघाले होते, नवरा सोडून. नवरा ऑपरेशननं झाला होता. त्यामुळे पायाळूकाका त्याला लहानपणापासून 'खिडकीवाला' म्हणत आले होते. नवऱ्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. मनावर कुणी घेतलं होतं ते टेपताईला त्या दुपारी कळलं.

"माझं मत दारच," अहोआई म्हणाल्या.

सगळ्यांनी मान वळवली. अहोआईंना मत असतं हे घरात माहीत होतं, पण ते मालकांच्या तोंडून बाहेर पडायची पद्धत होती.

"अहो आई," टेपताई म्हणाली, "तुमचं स्वतःचं ऑपरेशन झालंय. मला वाटलं, तुम्ही तरी खिडकी म्हणाल."

"झालंय म्हणूनच सांगते. डॉक्टर नॉर्मलला हो म्हणताहेत ना? मग नॉर्मलच होऊ दे."

"पण का?"

अहोआईंनी समोरची बिस्किटांची बशी उगाच सरळ केली. ती सरळच होती.

"मी दवाखान्यातून घरी आले, तेव्हा यांच्या आईनं शेजारणीला दारातच सांगितलं, 'हिला जमलं नाही.' बाळ छान होतं, मी छान होते, पण जमलं नव्हतं. मग तेच सगळे म्हणायला लागले. बारशाला आलेले म्हणाले. कामावरची माणसं म्हणाली. हे म्हणाले. कुणी विचारलं, एकच का मुलगा, तर हे म्हणायचे, हिला जमत नाही. याच्या ट्रकला कुणाची धडक बसली, तर म्हणायचे, खिडकीतून आलेलाय, दार कसं दिसणार त्याला. मी म्हटलं, निदान हिला कुणी तसं म्हणू नये."



"मी गमतीनं म्हणायचो," मालक म्हणाले.

"हो. मीही गमतीनंच ऐकायचे."

मालकांनी खिशातून चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा खिशात ठेवला. त्याचा उपयोग करण्यासारखं समोर काही नव्हतं.

अशा वेळी विषय बदलायला घरात एक माणूस लागतो, आणि तो पायाळूकाका. पण त्या दिवशी त्यांनाही काय झालं कोण जाणे. ते बराच वेळ आपल्या पायांकडे बघत होते. मग म्हणाले, "माझं मत बदललं. खिडकी."

"आता काय झालं?" मालक म्हणाले.

"काही नाही. वहिनी बोलल्या, म्हणून वाटलं, आपणही बोलावं." त्यांचा आवाज नेहमीच्या बढाईच्या पट्टीतून उतरून खाली आला होता. "माझ्याआधी एक होता, दादा. तूही लहान होतास, तुला नीट आठवणार नाही. मला तर आईनं अगदी शेवटी सांगितलं. तोही पायांकडूनच. पाय आले, अंग आलं, डोकं राहिलं. तो राहिला नाही. म्हणून मी आलो तेव्हा सगळ्यांनी एवढा गाजावाजा केला. पायाळू, पायाळू म्हणून डोक्यावर घेतलं. त्याचं नावच ठेवलं नव्हतं, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलणार तरी कसं? मी आहे, म्हणून मी सांगत बसतो की काही होत नाही. त्याला कुणी विचारलंय?"

टेपताईचा हात आपोआप पोटावर गेला. आतून एक ढुशी बसली, वरच्या बाजूला, बरगडीखाली. डोकं जागच्या जागी होतं.

मालक मात्र भावाकडे बघत नव्हते. ते टेबलाच्या कडेकडे बघत होते आणि त्यांचे दोन्ही हात हवेत काहीतरी धरून हळूहळू तिरकं करत होते. कामावर नवीन जिना दिसला की ते असंच करायचे.

"थांबा," ते म्हणाले. "बाळाचं सगळ्यात रुंद काय?"

"डोकं," टेपताई म्हणाली.

"आणि ते शेवटी?"

"शेवटी."

मालकांचे हात हवेतच राहिले. या घराण्यात पोराला चालता येण्याआधी एक गोष्ट शिकवली जाते : रुंद बाजू आधी. रुंद बाजू दारातून गेली की बाकीचं जातंच, आणि ती जाणार नसेल तर ते उचलण्याआधीच कळतं. अरुंद बाजू आधी घातली की सगळं छान चाललंय असं वाटतं, जिना संपत येतो, आणि मग नेमकं शेवटचं वीतभर अडतं. तेव्हा कपाट मागेही येत नाही आणि पुढेही जात नाही. मालकांनी असं अडलेलं कपाट एकदा पाहिलं होतं. ते शेवटी करवतीनं कापावं लागलं. कपाटाला तेवढं चालतं.

"खिडकी," मालक म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

"छान," अगंआई म्हणाली. "म्हणजे तुम्हाला पटलं."

"पटलं म्हणजे काय, विहीणबाई, असं अडलेलं कपाट मी पाहिलंय. खिडकीचं काम जोखमीचं, पण आपल्या हातातलं. चौकट मोकळी करायची, कडेचा गिलावा फोडायचा, मग आत हात घालून…"

"पुरे," अगंआई म्हणाली.

"नाही, मग चौकट परत बसवतातच. आमचा माणूस बसवतो. पूर्वीइतकी घट्ट बसत नाही, एवढंच. पुढच्या वेळी त्या बाजूनं ओढ द्यायची नाही, म्हणजे झालं."

अगंआईचा चेहरा पांढरा पडला. तारखेचा विचार तिनं केला होता, रजेचा केला होता, बॅगेचा केला होता. पण आपल्या मुलीच्या कडेचा गिलावा फोडणार, हा विचार तिच्यापुढे अशा भाषेत कधी आला नव्हता.

"मला वाटतं," ती हळूच म्हणाली, "नॉर्मलचं एकदा नीट बघायला हवं. डॉक्टर हो म्हणताहेत, तर उगाच कापाकापी कशाला?"

पायाळूकाकांनी बोटांवर हिशेब केला. "म्हणजे आता आम्ही दोघं खिडकीत आणि तुम्ही दारात. वहिनी?"

"मी आता मत देत नाही," अहोआई म्हणाल्या. "मला बोलायचं होतं ते बोलून झालं."

"मग एक मत राहिलं," मालक म्हणाले आणि सगळ्यांनी दाराजवळच्या स्टुलाकडे पाहिलं.

नवऱ्यानं नाइलाजानं तोंड उघडलं. "ती म्हणेल ते."

"हे काय मत झालं?"

"मी ड्रायव्हर आहे, बाबा. दारातून काढा नाहीतर खिडकीतून सोडा, गाडी मी तिथंच लावतो."

असं उत्तर ऐकून घरातल्या चार मोठ्या माणसांची त्या दिवशी पहिल्यांदा एकी झाली. त्यांनी एकदम त्याला बोलायला सुरुवात केली. बाप होणार आहेस, जबाबदारी आहे की नाही, गाडी काय, आरसे काय. तो सगळं ऐकत राहिला आणि मधेच बायकोकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला, तू सुटलीस ना, ते बघ.

ती सुटली होती खरी. त्या गलक्यात तिला विचार करायला पहिल्यांदाच जागा मिळाली होती.

तिला दार हवं होतं. हे तिनं अजून कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटल्यापासून तिच्या मनात ते घट्ट बसलं होतं. लोकांची कपाटं सरळ वाटेनं काढता यावीत म्हणून ती तासन्‌तास जिन्यात उकिडवी बसायची. खिडकी सांगायची वेळ आली की तिला हरल्यासारखं वाटायचं. पायाळूकाकांच्या त्या बिननावाच्या भावानं तिला आता घाबरवलं होतं, आणि घाबरून दिलेला निकाल हा निकाल नसतो हेही तिला कळत होतं. दार किती रुंद आहे हे तिला बाईंनी सांगितलं होतं. कपाट केवढं आहे तेही सांगितलं होतं. पण कामावर ती आणखी एक गोष्ट विचारायची, सर्वांत शेवटी, टेप गुंडाळून खिशात टाकल्यावर. ती विचारायची राहिली होती.

"उद्या मी बाईंना एक प्रश्न विचारणार आहे," ती उठून म्हणाली. "त्यावर काय ते ठरेल."

"काय प्रश्न?" मालक म्हणाले.

"उद्याच ऐका."

"आम्हीही यायचं?" अगंआई म्हणाली.

टेपताईनं पाचही चेहऱ्यांकडे पाहिलं. नाही म्हटलं असतं, तरी ती माणसं आलीच असती. मागून, दुसऱ्या गाडीतून.

*

डॉक्टरीणबाईंच्या खोलीत खुर्च्या दोन आणि माणसं सहा. टेपताई खुर्चीत, दोन आयांमध्ये एक खुर्ची 'तुम्ही बसा', 'नाही, तुम्ही बसा' करत रिकामी, पायाळूकाका तपासणीच्या पलंगाच्या पायरीवर आणि मालक दारात. ते दाराची चौकट अंगठ्यानं मोजत होते. सवय. नवरा भिंतीला टेकून उभा होता.

बाईंनी सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं. त्यांच्या खोलीत मोठाली कुटुंबं येत असणार, कारण त्यांना आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"ठरलं?"

"आधी यांची एक गोष्ट सांगते," टेपताई म्हणाली आणि तिनं पायाळूकाकांच्या भावाची गोष्ट सांगितली. पायाळूकाका मान खाली घालून ऐकत होते.

बाई म्हणाल्या, "वाईट झालं ते. पण त्या भीतीनं ठरवू नका. तिथं पाय आधी आले, तेही घरी, आणि काय चाललंय हे बघायला कुणी नव्हतं. तुमच्या बाळाचं बूड आधी आहे, ते डोक्यासाठी बऱ्यापैकी वाट करतं. आपण पूर्ण वेळ ठोके ऐकत असतो. जरा शंका आली की थांबतो आणि ऑपरेशन करतो."

"ते मला कळलं. माझा प्रश्न वेगळा आहे." टेपताईनं जरा श्वास घेतला. "खाली कोण उभं असेल?"

"म्हणजे?"

"आमच्याकडे जड सामान जिन्यानं उतरवताना वरचा माणूस नुसता धरतो. खरा भार खालच्यावर असतो. अडलं तर काय करायचं हे त्यालाच कळायला लागतं, आणि ते हातानं कळायला लागतं. त्यामुळे मी दार मोजते, कपाट मोजते आणि मग विचारते, उद्या खाली कोण आहे? माणूस जुना असेल तर मी अवघड जिन्यालाही दार म्हणते. नसेल तर सोप्या जिन्यालाही नाही म्हणते. तर माझ्या वेळी खाली कोण असेल?"

बाईंनी पेन बाजूला ठेवलं. हा प्रश्न त्यांना आवडला की टोचला, हे चेहऱ्यावरून कळलं नाही. बहुधा दोन्ही.

"चांगलं विचारलंत. खरं सांगते. उलट्या बाळाची नॉर्मल प्रसूती करायचा सराव इथं दोघांनाच आहे. मला, आणि मी ज्यांच्याकडे शिकले त्या मोठ्या डॉक्टरांना. मी असले तर मनापासून करीन. पण ते या महिन्यात नाहीत, त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. आणि कळा माझी ड्यूटी बघून सुरू होत नाहीत. मी नसताना जे असतील ते चांगले डॉक्टर आहेत, ऑपरेशन माझ्याइतकंच छान करतील. पण हे त्यांनी पुस्तकात जास्त केलंय आणि हातानं कमी. दोघं असतो तर मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हटलं असतं. आज तसं म्हणवत नाही."

अगंआईनं रिकाम्या खुर्चीची पाठ धरली होती. टेपताईनं खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पार्किंगमध्ये एक माणूस भल्यामोठ्या गाडीला चिंचोळ्या जागेत घालायचा प्रयत्न करत होता. घातली असती त्यानं. बहुतेक घातलीच असती.

हवं होतं ते सोडून द्यायला तिला तेवढाच वेळ लागला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण हरल्यासारखं वाटेल म्हणून ती वाट बघत होती, तर ते काही आलं नाही. नीट मोजून दिलेला निकाल होता तो.

"मग खिडकी," ती म्हणाली.

"बंद करू?" बाई वळून बघत म्हणाल्या. "गार वाटतंय का?"

पायाळूकाका फुसकन हसले. मग नवरा हसला, मग अहोआई, आणि शेवटी बाईंना समजावून सांगायची जबाबदारी, अर्थातच, मालकांवर आली.

"खिडकी म्हणजे ऑपरेशन, डॉक्टर. आमच्या कामातला शब्द आहे. दारातून काढणं कुणालाही येतं. खिडकीला सगळ्यात तयार माणसं लागतात, आणि ज्या घरातून सामान असं जातं, त्या घरानं जास्त सोसलेलं असतं." बोलता बोलता ते डॉक्टरांकडून वळले आणि वाक्य बायकोकडे बघून पुरं झालं. "त्याला जमलं नाही म्हणत नाहीत. तेच जमवलेलं असतं."

अहोआईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "हे आज सुचलं?"

"सुचलं होतं पूर्वीच. सांगायचं राहिलं."

"बरंच राहिलं."

"बरंच," मालकांनी कबूल केलं.

"तर मग तारीख बघूया," बाई म्हणाल्या आणि अगंआई इतक्या चपळाईनं त्या रिकाम्या खुर्चीत बसली की टेपताईला हसू आवरेना. दाराची बाजू तिनं कधी सोडली, ते तिचं तिलाही कळलं नसावं. "बुधवार," अगंआई म्हणाली. "बुधवारी आमच्याकडे काम कमी असतं."

*

बुधवारी टेपताई ऑपरेशनच्या टेबलावर आडवी होती. छातीपुढे हिरवा पडदा, डोक्याशी नवरा. त्याला टोपी आणि मास्क इतके घट्ट बसवले होते की फक्त डोळे उरले होते. आरशात दिसतात तेवढेच.

"दुखतंय?" त्यानं विचारलं.

"नाही. कुणीतरी पोटात कपाटं लावतंय, असं वाटतंय."

पडद्यापलीकडून बाईंचा शांत आवाज येत होता. त्यांनी आधीच सांगितलं होतं की बाळ जसं बसलंय तसंच बाहेर येईल. तरीही तो आवाज ऐकताना टेपताईच्या बोटांनी नवऱ्याची बाही पकडली.

"बूड आलं. पाय… हा एक, हा दुसरा. खांदा. छान." मग थोडा वेळ काहीच नाही. खरं तर तो वेळ फारच थोडा होता, हे नवऱ्यानं तिला नंतर शपथेवर सांगितलं. "आणि हे डोकं."

मग एक आवाज आला. लहान, चिडका आणि अतिशय तक्रारखोर. गिऱ्हाइकाचा.

"मुलगी," बाई म्हणाल्या.

इतके दिवस घरात ज्यांना साहेब म्हणत होते, त्या बाईसाहेब निघाल्या. नवऱ्याचे डोळे मास्कच्या वर चमकले आणि मग त्यानं ते पुसायला हात वर केला, तर हातात हातमोजे.

दुपारी सगळे खोलीत आले. बाईसाहेब आईच्या कुशीत होत्या आणि त्यांचे दोन्ही पाय अजून सरळ वर, कानांशी. बाईंनी सांगितलं होतं, इतके दिवस तसेच दुमडून राहिले होते, हळूहळू खाली येतील. कमरेचे सांधे तेवढे थोड्या दिवसांनी तपासून घेऊ. पायाळूकाका बराच वेळ त्या पायांकडे बघत राहिले आणि काहीच बोलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातली ही दुसरी मोठी कामगिरी म्हणायला हरकत नाही. अगंआईनं फोटो काढले, आणि प्रत्येक फोटोत पाय आले, तोंड आलं नाही.

"द्या बघू माझ्याकडे," मालक म्हणाले आणि दोन्ही हात पुढे करून उभे राहिले.

तसेच उभे राहिले. हात पुढे, बोटं थोडी वाकलेली, कोपर अंगाला लागलेले, कंबर ताठ, गुडघे किंचित मोडलेले. ट्रकभर सामानासमोर ते असेच उभे राहत. मग त्यांनी डावा हात थोडा खाली घेतला, उजवा वर घेतला, पुन्हा पहिल्यासारखे केले. साऱ्या जगाला काय कुठून धरायचं हे ओरडून सांगण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या माणसानं हळूच विचारलं, "हिला धरायचं कुठून?"

"डोक्याखाली हात, बाबा," टेपताई म्हणाली. "तो आधी. मग बुडाखाली दुसरा."

"आणि पाय?"

"पायांचं तिचं ती बघेल."

मालकांनी हात घातला. "हळू," अहोआई म्हणाल्या. "मान सांभाळा," अगंआई म्हणाली. "कोपर वर, दादा," पायाळूकाका म्हणाले. आणि एवढ्या जणांच्या सूचना एकदम ऐकूनही मालक कुणावर डाफरले नाहीत. ते फक्त म्हणाले, "बरं," आणि नातीला उचललं.